ओरिन कुठल्या कोपऱ्यात

शनिवार, १० जानेवारी

बाहेर उणे अठरा अंश. दारात पुन्हा पत्रकं – सिनेटर हॅलोरन, गव्हर्नर डकेट. पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायची पहिली पाळी आयोवाची, म्हणून चार वर्षांतून एकदा आम्ही देशाचे लाडके. एरवी कुत्रं विचारत नाही.

नवऱ्याला, ओरिनला, दोन्ही वाचून दाखवली. "हॅलोरन?" मान हलली – हो. "डकेट?" हो. "मी इंग्लंडची राणी?" हो.

ऑगस्टपासून असंच. पक्षाघातात उजवी बाजू गेली, वाचा गेली. बोलायला मान तेवढी राहिली, आणि ती सगळ्यालाच हो म्हणते. मला रडू येत नाही. काहीच येत नाही. भांडी घासली.

बुधवार, १४ जानेवारी

लव्हॉन आली होती, ओरिनची बहीण. तिचं ते नेहमीचं नूडल्सचं कॅसरोल घेऊन. "कॅरिन, वकिलाचं काम आता लांबवू नकोस." नाही लांबवत. तीन फेब्रुवारीला कोर्टात जायचं. शपथेवर सांगायचं की माझा नवरा कुठलाही निर्णय घेण्यास असमर्थ आहे. मग जमीन, डुकरं, औषधं – सगळं मी ठरवायचं.

"खरं तेच तर सांगायचंय गं!" लव्हॉन म्हणाली.

खरं आहे का ते? की मला सोपं पडेल म्हणून खरं वाटतंय? कॅसरोलचं भांडं धुऊन ठेवलं. दुःख झालं नाही.

रविवार, १८ जानेवारी

चर्चच्या तळघरात हॅलोरनबाईंची सभा. ओरिनला नेलं. कुणीतरी विचारलं, अँब्युलन्स चाळीस मैलांवरून येते, तुम्ही काय करणार? ती म्हणाली, "खरं सांगू? पैसे कुठून आणायचे ते मला अजून सापडलेलं नाही." लोक गार पडले. मला ती आवडली. म्हणजे, आवडायला हवी असं कळलं.

नंतर जवळ आली. अगदी मऊ आवाजात मला विचारलं, "कसे आहेत हे आता? यांना कळतं का?"

म्हटलं, सांगता येत नाही.

शनिवार, २४ जानेवारी

मर्लच्या बियाण्याच्या दुकानात डकेट. रस्ते देणार, दवाखाने देणार, मक्याला भाव देणार – मागाल ते! अंगावर शेतकऱ्याचं जाकीट, घड्या अजून मोडलेल्या नाहीत. कॅमेरे दिसताच ओरिनच्या खुर्चीपुढे गुडघे टेकले आणि हात हातात घेतला. उजवा, मेलेला.

"काय गड्या, ट्रॅक्टर लाल की हिरवा?"

इथे ट्रॅक्टरच्या कंपनीवरून गावात दोन तट आहेत. ओरिनची मान – हो.

"दोन्ही? लबाडा! माझ्या जागी तूच उभा राहा!"

सगळे हसले. मग डुकरांच्या भावावर ओरिनशीच बडबडत बसला. माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नाटकी मेला! घरी येऊन ओरिनचा हात ओल्या फडक्याने पुसला.

गुरुवार, २९ जानेवारी

डकेट निवडून येऊ शकतो, हॅलोरन राज्य चालवू शकते – सगळा घोळ एवढाच. मर्ल डकेटचा माणूस. म्हणाला, "अगं, आधी निवडून यावं लागतं! पेरल्याशिवाय कापशील काय?"

"तण पेरलंस तर तणच कापशील, मर्ल."

हसला. मी माझ्याशी प्रामाणिकपणे पुन्हा तपासून पाहिलं – डकेटवरचा राग फक्त त्या हातामुळे तर नाही ना? थोडा असेल. तरी हॅलोरनच. ठरलं की काहीतरी वाटेल असं धरून चालले होते. नाही वाटलं.

शनिवार, ३१ जानेवारी

लव्हॉन फोनवर – "त्याला कशाला थंडीत नेतेस? उभा कुठे करणार त्याला?"

परवा उमेदवार निवडायची सभा, न्यायलाच हवं. आमच्याकडे मतपत्रिका नाही. शाळेच्या जिममध्ये प्रत्येक उमेदवाराचा एक कोपरा, तिथे जाऊन उभं राहायचं, मग डोकी मोजतात. घरी बसणाऱ्याला मत नाही. ओरिनने आजवर एकदाही चुकवलेलं नाही.

पण दुसरा प्रश्न बरोबर आहे. माझ्या कोपऱ्यात ठेवला तर माझीच दोन मतं होतील. चोरी ती. मधोमध ठेवेन, न ठरलेल्यांत.

सोमवार, २ फेब्रुवारी

 जमेल तसं लिहिते.

पहिली मोजणी झाली. डकेटचा कोपरा तुडुंब. हॅलोरनचा गट किमान आकड्याला एका माणसाने कमी! आकडा भरला नाही तर गट मोडतो, माणसांनी दुसरीकडे जायचं. पुन्हा जागा बदलायला थोडा वेळ देतात. सगळ्यांच्या नजरा मधल्या वर्तुळात, ओरिनच्या खुर्चीवर.

"कॅरिन, आण ना त्याला इकडे!"

"नवरा तुझाच आहे ना? ढकल की!"

गेले. खुर्चीच्या मुठी धरल्या. दहा-बारा पावलांचं काम. तो हो म्हणाला असताच. तो नेहमीच हो म्हणतो.

ब्रेक काढला आणि मुठी सोडल्या. मागे माझ्या कोपऱ्यात येऊन उभी राहिले. कुणीतरी म्हणालं, "वेडी आहे ही."

ओरिनने डावा हात चाकावर ठेवला. डावी टाच जमिनीवर रोवली. खुर्ची तिरकी गेली, कॉफीच्या टेबलाला धडकली. मर्ल पुढे झाला तेव्हा ओरिनने हात वर केला – थांब! मागे घेतली, वळवली. माझ्यासमोर आला. माझ्याकडे पाहिलं. आणि गेला पुढे.

डकेटकडे! जिथे त्याची काडीची गरज नव्हती!

आमचा गट मोडला. बाकीचे पांगले, काही डकेटकडे गेले. मी गेले नाही. मी कॉफी घेतली आणि ती सांडली. इतका राग आला होता! गाडीत त्याला म्हटलं, "त्या नाटक्याला? का? तुझ्याशी पाच मिनिटं बोलला म्हणून?"

मान आडवी हलली.

नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

वकिलाला फोन केला, आज येत नाही म्हणून. काय झालं, विचारत होता. म्हटलं, आमचं भांडण चालू आहे.