शेंदरी गाडी

मंगळवार, अंगारकी. संध्याकाळ.

गाडी रंगवून आली. रंगाचे अडतीस हजार, पेढ्यांचे दोनशे.

यांनी ही शर्यतीतली जुनी गाडी घेतली तेव्हा मी अबोला धरला होता. मग दर वर्षी काहीतरी नवीन: रुंद चाकं, सायलेन्सर, सीटा. आता यांचे गुडघे दुखतात, म्हणून रंगवून माझ्या दादाला विकायची ठरली. "शेवटचा रंग तू सांग," म्हणाले. मी म्हटलं, शेंदरी.

रंगाऱ्याचा एकही नारिंगी पटेना. शेवटी देवघरातला शेंदूर पुडीत बांधून नेला, त्याने तस्सा जुळवला. काय दिसतोय तो शेंदरी!

खालचे भाऊजी म्हणाले, "वहिनी, गाडी आहे की देऊळ?"

"गाडीच. पण बसताना चपला काढा."

हे हसले, पण किल्ली काही हातातून सोडेनात. विकायचीच, तर इतका जीव कशाला लावला आम्ही?

दादा फोन उचलत नाही, म्हणून कार्ड लिहिलं: "गाडी द्यायची नाही. गुडघे यांचे दुखतात, माझे नाहीत. मी चालवायला शिकते आहे. दसऱ्याला पूजेला येतोस का, उलट टपाली कळव."