बंद खिडकीची ऊब

सोमवार
आई आणि मी आलो एकदाच्या! खोली दुसऱ्या मजल्यावर. अंथरुणं घातली की पाय ठेवायला जागा नाही, पण खिडकीतून अख्खी गल्ली दिसते. आईने आल्या आल्या कानाकोपरा पुसला आणि आधीच्या भाडेकरूंना आळशी ठरवून टाकलं. उद्यापासून मला चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायला बसायचंय. मालक बोलायला मऊ वाटला. निघताना दादाने त्याची डोंगरावर न्यायची पिटुकली गॅसशेगडी पिशवीत कोंबली. आई म्हणाली, ही भातुकली कशाला? मी तरी घेतली.

बुधवार
सकाळपासून वादळ, गारांचा मारा. गल्लीतला खांब आडवा झाला आणि वीज गेली. दुकान बंद. दादाच्या शेगडीवर चहा केला, तेव्हा आईने शेगडीची रीतसर माफी मागितली. खालच्या घरमालकीणबाई लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. जाता जाता बजावून गेल्या, की शेगडी पेटवाल तेव्हा खिडकी उघडी ठेवा, कोंडलेल्या खोलीत ती जीव घेते. वीतभर उघडी ठेवलीय. वारा सुऱ्यासारखा आत येतो.

गुरुवार
वीज नाहीच. फोनही मेला. आईचे निळे पडलेले ओठ बघवेनात. शेवटी मीच म्हटलं, थोडा वेळ खिडकी लावून शेगडी पेटवू, मग लगेच उघडू. आईने फटींत जुनी चादर कोंबली. काय सुरेख ऊब आली! ती माझ्या लहानपणच्या खोड्या सांगत बसली, मी हसत बसले. खिडकी उघडायचं राहूनच गेलं. डोकं जड झालंय. थंडी बाधली असेल.

शुक्रवार, सकाळ
मळमळतंय. आईला उलटी झाली. ती म्हणते, दाराबाहेर कुणीतरी उभं आहे, श्वास ऐकू येतो. दार उघडून पाहिलं. जिना रिकामा. तिथे उभी होते तेवढा वेळ बरं वाटलं, पण आई काकडायला लागली म्हणून दार लावलं. शेगडी पुन्हा पेटवली.

शुक्रवार, दुपार
आता मलाही ऐकू येतोय तो श्वास. बाहेर नाही, खोलीतच. खूप वेळ कान दिला. माझाच आहे. धाप लागल्यासारखा.
आईचा ऐकू येईना म्हणून तिला हलवलं. गाल लालबुंद, तान्ह्या बाळासारखे. डोळे किलकिले करून म्हणाली, "आता थंडी नाही वाजत गं." पुन्हा मिटले.
बाई काय म्हणाल्या होत्या — कोंडलेल्या खोलीत —

नंतर
शेगडी बंद केली. केली ना? हो. ज्योत नाही.
खिडकीपाशी गेले. चादर घट्ट बसलीय. ओढली — बोटांत जोरच नाही. पडले. पाय माझे नव्हेतच जणू. ओरडले, तर नुसती हवा.

दार दोन हातांवर. सरपटत जाता येईल. आई पलीकडे भिंतीशी. तिला इथे ठेवून —
नाही.

तिचं मनगट धरलंय. ओढतेय. ती हलत नाही. का मीच —

लिहितेय म्हणजे जागी आहे. लिहीत राहायचं. आई, ऊठ ना. दार इथेच आहे गं, फक्त जरा