प्रेझेंट प्लीज

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, एम.ए.च्या पहिल्याच तासाला, माझ्या मेलेल्या मुलीची हजेरी लागली. वेळ वर्गातल्या घड्याळातली आहे. ते घड्याळ दोन मिनिटं मागे आहे, तेही शिपायाला सांगितलं.

एवढं सोडलं तर दिवस झकास गेला. दौंडहून रोजची एसटी सोसणार नाही म्हणून शिरूरला खोली घेतली आहे. मुलं मला काकू म्हणतात. कुरकुंभची राजनंदिनी माझ्या मागच्या बाकावर बसते. तिनं डब्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारता माझ्या पोळीवर वाढली. विषय संस्कृतीचे सिद्धांत. ईश्वर सरांनी विचारलं, घरात बोलायचा मान कुणाला आणि ऐकायची सक्ती कुणावर? रेल्वेच्या ऑफिसात एकतीस वर्षं काढलेल्या बाईला हे विचारू नये. तास संपेपर्यंत मीच बोलत होते.

अनुपमानं दोन वर्षांपूर्वी इथंच प्रवेश घेतला होता. डेंग्यूनं गेली. बाजारात फुलं विकणाऱ्या बायकांच्या बोलण्यावरचा तिचा प्रबंध अर्धा राहिला. तो पुरा करायचा, म्हणून चौसष्टाव्या वर्षी मी बाकावर बसले आहे. ऑफिसनं जुनी यादी उचलली असणार, दुसरं काय. आमच्याकडं माणूस गेला की त्याच दिवशी मस्टरवर लाल रेघ पडायची. उद्या अर्ज देते.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

अर्ज दिला, पोच घेतली. हौशीराम क्लार्क म्हणतो, यादीत चूक असंल म्याडम, पर कुणी बोलल्याबिगर सर हजेरी मांडत न्हाईत. मी म्हटलं, हेच कागदावर लिहून द्या. त्यानं पान थुंकायला जातो म्हणून खुर्ची सोडली ती सोडलीच.

पाच दिवस, पाच हजेऱ्या. आज मी कान देऊन बसले. सरांनी अनुपमाचं नाव घेतलं, मान वर केली, माझ्या बाजूला पाहून हलकेच हसले आणि पटावर खूण केली. मला काहीही ऐकू आलं नाही. संध्याकाळी कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, पन्नाशीतल्या बाईसारखे आहेत.

गुरुवार, १४ ऑगस्ट

कुणीतरी खोडी काढतंय, असं धरून राजनंदिनीला दरडावून विचारलं. तिला वाटलं मीच थट्टा करते. म्हणाली, काय काकू, तुमच्या शेजारीच तर बसती की ती, भिंतीकडं. लई हळू बोलती. आन् 'प्रेझेंट प्लीज' म्हणती, आम्हाला हसू येतं.

भिंतीकडं मी माझी पिशवी ठेवते.

'प्रेझेंट प्लीज' आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी शिकवलं होतं. मी ते अनूला शिकवलं. दौंडच्या शाळेत पोरं तिला त्यावरून चिडवायची, तरी तिनं सोडलं नाही. शिरूरमध्ये हे कुणालाही ठाऊक नाही.

भ्याले की मला राग येतो. आजही आला. प्राचार्यांना प्रत जोडून स्मरणपत्र दिलं: नाव तात्काळ कमी करावे.

मंगळवार, १९ ऑगस्ट

सर म्हणाले, मुकं कुणीच नसतं, ऐकणारं कुणी नसतं.

हा विषय घेतला म्हणून मी अनूशी आठ महिने बोलले नव्हते. फुलवाल्यांच्या गप्पा ऐकायला कॉलेज कशाला, असं म्हणाले होते. शेवटच्या दिवशी दुपारी चार वीसला तिचा फोन आला. पुन्हा तेच पुराण लावणार असं वाटलं. मी कट केला. पुन्हा आला, कट केला. तीनदा. रात्री हॉस्पिटलातून फोन आला, तो मी उचलला.

आज पिशवी मांडीवर घेतली. शेजारची जागा रिकामी ठेवली.

बुधवार, २० ऑगस्ट

राजनंदिनीला विचारलं, ती माझ्याशी बोलते का. पोरगी गोंधळली. म्हणाली, ती तर सारखं तुम्हालाच विचारती, आई, ऐकू येतंय का. तुम्ही बघत पण न्हाई. आम्हाला वाटलं, भांडण हाय तुमचं.

सगळ्यांना ऐकू येतं. सगळ्यांना.

उद्या दार उघडल्याबरोबर अर्ज मागे घ्यायचा.

गुरुवार, २१ ऑगस्ट

ऑफिसला कुलूप. हौशीराम पुण्याला, विद्यापीठात.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

पत्र आलं. 'आपल्या अर्जास अनुसरून सदर नाव कमी करण्यात आले आहे.' इतक्या वर्षांत कुठल्या ऑफिसनं माझं इतकं झटपट ऐकलं नव्हतं.

पटावर लाल रेघ. पट्टी धरून मारलेली.

सर पुढच्या नावावर गेले. राजनंदिनी मागं हुंदके देत होती — तासानंतर तिनं सांगितलं — सरांनी नाव न घेताच अनुपमा तीनदा म्हणाली, 'प्रेझेंट प्लीज'. मोठ्यानं. सरांनी वर पाहिलं नाही. मग वही उचलली. तुमच्या खांद्याला हात लावला काकू, आन् गेली.

कुठला खांदा, ते विचारायचं राहिलं.

सोमवार, २५ ऑगस्ट

आज राजनंदिनी म्हणाली — कोण अनुपमा?

सरही तेच. पटावर चार ते एकवीस सगळ्या खुणा — नाहीत. नुसती रेघ.

हौशीराम म्हणतो, कमी झालेलं नाव परत चढत न्हाई. अर्ज तुमचाच व्हता. सही तुमचीच.

माझीच.

मग अनू, तुलाच लिहिते. मला ऐकू येत नाही, पण वाचता येतं. तुझी प्रबंधाची वही बाकावर भिंतीकडं उघडी ठेवते. पेन ठेवते. पिशवी नाही ठेवत. उत्तर लेखीच दे, उद्या मंगळवारी संध्याकाळी पाचच्या आत — परवा गणपती बसतात, कॉलेज बंद. एकच ओळ. रागावून लिहिलीस तरी चालेल. त्या दिवशी चार वीसला तू मला काय सांगणार हो—