ढवळलेली हळद

३ मे २०१३, शुक्रवार

बचतगटात आज कॉलेजातल्या मॅडम आल्या. मला वाटलं परत पापड शिकवणार. पण नाय! दोन ग्लास पाणी मागितलं. एकात मीठ टाकलं, एकात रेती. दोन्ही ढवळले. मीठ गेलं ते गेलंच. वरचा घोट खारट, तळाचापण तेवढाच खारट. याला म्हणे द्रावण. रेती गरगर फिरली, दमली आणि खाली बसली. ते मिश्रण. एका ग्लासात राहून ज्याचं त्याचं वेगळं!

मी म्हटलं, "आमच्या घरासारखं." मॅडमपण हसल्या.

पंचेचाळीस वर्षं पाणी भरतेय. कोणी सांगितलं नाय मला हे!

४ मे

साखर — द्रावण. रवा — मिश्रण. चहा — दोन्ही! रंग पाण्यात जातो, चोथा खाली राहतो. उलव्याच्या साईटवर डंपर चालवतात आमचे हे, कमलाकर, त्यांच्याकडून खाडीचं पाणी मागवलं बाटलीभर. रात्रभर ठेवलं असतं तर बरं, पण कोण थांबतंय! फडक्यातून गाळलं. गाळ फडक्यावर, पाणी ग्लासात. चाखलं — खारट! एकाच बाटलीत मिश्रणपण आणि द्रावणपण. मी उड्याच मारल्या. मग चूळ भरली.

कमलाकर म्हणतात, "घरात एक ग्लास रिकामा नाय. पाणी कशात पिऊ?"

"वाटीत प्या."

निशाने कपाळाला हात लावला. "आई, १९ तारखेला माझं लग्न हाय. तोवर तरी शहाण्यासारखी वाग."

७ मे, मंगळवार

किती लिहू!

मॅडम परत आल्या. आज भेसळ. खरी हळद पाण्यात विरघळत नाय, तळाला बसते. खोट्या हळदीला रंग लावलेला असतो, तो विरघळतो, सगळं पाणी पिवळं करतो. एवढं ऐकलं आणि मी उठलेच. मॅडम मागून काहीतरी सांगत होत्या. घरी पाच किलो हळद पडलीय लग्नाची! होणारे व्याही दयारामशेठ, त्यांचा मसाला कुटायच्या मशीनचा डंख हाय बाजारात, त्यांनी स्वतः कुटून पाठवलेली.

दोन ग्लासांत एकेक चमचा टाकली. खळाखळा ढवळली. पाणी पिवळंजर्द! वर पिवळं, मध्ये पिवळं, तळाला पिवळं. सगळीकडे सारखं — म्हणजे द्रावण! म्हणजे रंग!

एक ग्लास ओट्यावर ठेवला, दुसरा पदराखाली धरून रिक्षात बसले. रिक्षावाल्याला म्हटलं, खड्ड्यातून नेऊ नकोस, पुरावा सांडेल.

डंखावर मिरच्या कुटायला बायकांची रांग. दयारामशेठ म्हणतात, "या विहीणबाई, बसा."

"बसायला नाय आले. हे काय हाय?"

"हळद."

"हळद नाय, रंग हाय! माझ्या पोरीच्या अंगाला रंग लावताय?"

दोन बायकांनी मिरच्यांची पिशवी उचलली आणि गेल्या. तिसरी म्हणाली, "तरीच माझं कालवण एवढं पिवळं!" मला असा जोर आला म्हणून सांगू! शेठनी हात झटकले. मग म्हणाले, "तीस वर्षं कुटतोय मी." आणि मशीन चालू केली. पुढचं माझं बोलणं कोणाला ऐकूच गेलं नाय.

८ मे

होणारा जावई कल्पेश, त्याच्या आईचा फोन. लग्न मोडलं.

मोडू दे! गटातल्या बायका येऊन गेल्या. "शांतीताई, वेळेवर कळलं म्हणून बरं." सगळ्यांना चहा दिला. मला दिवसभर जमीन पायाला लागत नव्हती. निशा खोलीतून बाहेर आली नाय. रडेल चार दिवस.

९ मे

ओट्यावरचा ग्लास घासायला घेतला. पाणी नितळ. हळद तळाला बसलेली, बोटभर थर.

बोट घालून ढवळली. पिवळं! मग स्टूल ओढलं आणि बसले ग्लासापुढे. दूध उतू गेलं, उठले नाय. हळूहळू खाली आली सगळी. वर जरासा पिवळेपणा राहिला, बस.

मॅडमना फोन केला. "ढवळायचं नसतं हो ताई. चिमूट टाकायची आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. तेच सांगत होते, तुम्ही निघून गेलात."

कमलाकर वाटीतच पाणी प्यायले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

निशाला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "तू त्यांना जाऊन सांग."

११ मे, शनिवार

गेले. मुद्दाम गर्दीच्या वेळेला. मोठ्याने म्हटलं, "हळद खरी हाय. मी ढवळली. चूक माझी." मशीन चालू होती म्हणून परत ओरडून सांगितलं. मग शेठनी मशीन बंद केली, म्हणून तिसऱ्यांदा! कोणीतरी मागे फिसकन हसलं. मलापण हसू आलं, काय करू? शेठच्या मिशापण हलल्या. मी बघितल्या.

पण म्हणाले, "वहिनी, गिऱ्हाईक तुटलं माझं. लोकांची तोंडं थंड होऊ द्या. लग्नाचं पुढच्या वर्षी बघू."

विहीणबाई नाय म्हणाले. वहिनी म्हणाले. मी मान हलवून आले. कोणत्या तोंडाने भांडू?

घरी येऊन निशाला समजावलं. बाई गं, घाईने काय होतं ते बघितलंस ना, वर्षभर थांब. ती लगेच म्हणाली, "बरं."

लगेच! ही पोरगी भाजी कुठली करू विचारलं तरी लगेच बरं म्हणत नाय.

१६ मे

निशा मैत्रिणीकडे, रोशनीकडे नेऱ्याला गेली दोन-तीन दिवस. जाऊ दे. मन रमेल.

१९ मे, रविवार

दारात निशा. गळ्यात मंगळसूत्र. मागे कल्पेश, घामाघूम. आपटा गावच्या देवळात माळा घालून आले दोघं.

"वर्षभर कोण थांबणार, आई!"

मी मारायला हात उचलला आणि तिला घट्ट धरलं. कमलाकर पेढे आणायला अनवाणीच पळाले.

दयारामशेठना अजून माहीत नाय. कल्पेश म्हणतो, "तुमीच सांगा ना. तुमी स्पष्ट बोलता."

साडी बदलते आणि निघते.