फ्रीझरमधला पुरावा

३ मार्च, सकाळी ६
फ्रीझरच्या मागच्या भिंतीवर बर्फ. जाडी दोन मिलिमीटर. बाळ्या सापडला.

सकाळी ७
सविस्तर लिहितो. बाळ्या म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. वय बावन्न, टक्कल. ही मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, त्याची. तीन आठवडे वापरायला दिली. बायकोच्या फोनवरून, स्पीकर लावून म्हणाला, ताई, भाऊजींना घेऊन तळ्याकाठी जाऊन राहा, गाडी एकदम ए-वन आहे. हे त्याचे शब्द. ए-वन. तारखेसह नोंदवून ठेवले आहेत.

सहा वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नात त्याने चाळीस माणसांसमोर माझी ओळख करून दिली: हे आमचे भाऊजी, कालचं हवामान सांगतात. चाळीसच्या चाळीस हसले. मी मोजले. चौतीस वर्षं मी वेधशाळेत तापमान नोंदलं, एक रीडिंग चुकवलं नाही. त्या दिवसापासून बाळ्याशी बोलणं बंद. त्याच्या ते लक्षात आलं की नाही, कळायला मार्ग नाही.

वीस तारखेला तो इथे येणार. त्या दिवशी बायकोला साठ पूर्ण होतात. आम्हा दोघांना एका टेबलावर बसवायचं, एवढंच तिला हवं आहे. अहो, दुसरं काही मागत नाही, म्हणाली. पण त्या दिवशी तोंड सोडलंत तर मी त्याच्याबरोबर निघून जाईन, आणि हे मी उगाच म्हणत नाहीये.

मी शब्द दिला. मी एक अक्षर बोलणार नाही. बर्फ बोलेल.

४ मार्च
कामाची पद्धत ठरवली. दर तीन तासांनी रीडिंग, वेधशाळेत घेत होतो तसंच. थर्मामीटर आत ठेवला आहे. दार पूर्ण उघडायचं, पट्टी भिंतीला लावायची, पारा स्थिर होईपर्यंत दोन मिनिटं थांबायचं. घाई करायची नाही. नवं रजिस्टर आखलं. बायकोने विचारलं, सुट्टीत हे काय काढलंत. म्हटलं, छंद.

६ मार्च
पाच मिलिमीटर. वेग वाढतो आहे. तीन तासांचं अंतर पुरेसं नाही. आजपासून दर तासाला.

बायको म्हणाली, दूध कोमट लागतंय. रजिस्टरमध्ये वेगळा रकाना केला: इतर गुन्हे. त्यात दूध.

८ मार्च
बायकोने या गाड्यांच्या तळावरच्या मेकॅनिकला बोलावलं. मला न विचारता. त्याने दाराच्या रबरात कागदाची चिठ्ठी धरून दार लावलं आणि ओढली. निघेना. रबर ठणठणीत म्हणाला. गाडी लेव्हलमध्ये आहे का पाहिलं. आहे. फ्रीज गॅसवर चालतो, त्याची ज्योत पाहिली. निळी, छान. मग तळ्याकडे बोट करून म्हणाला, साहेब, हवा दमट आहे. दार उघडलं की ती आत शिरते आणि भिंतीवर गोठते. तुम्ही दार फार उघडता का हो?

बायको हसली. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

म्हणाला, फ्रीज बंद करा, सामान काढा, आत गरम पाण्याचं भांडं ठेवा, खाली टॉवेल अंथरा. तासाभरात बर्फ सुटतो. सुरी मात्र लावू नका, आतली नळी फुटेल. आणि मग दार जरा कमी उघडत जा.

म्हणजे पुरावा नष्ट करा आणि परत बघू नका. मी त्याला विचारलं, या गाडीच्या मालकाला ओळखता का. म्हणाला, हो, चांगला माणूस आहे, दरवर्षी येतो.

संगनमत. अधोरेखित केलं.

१० मार्च
अकरा मिलिमीटर. दर अर्ध्या तासाला रीडिंग सुरू. सकाळी सहा ते रात्री नऊ. बायको म्हणाली, तळ्यावर फिरायला चला ना. म्हटलं, साडेपाचचं झालं की जाऊ. साडेपाचचं होईपर्यंत सहाचं आलं. ती एकटीच गेली. तिथे बदकं होती म्हणे.

१२ मार्च
दुपारी डोळा लागला होता. जाग आली तर बायको पातेलं घेऊन फ्रीजसमोर. पाणी वाफाळत होतं. मी आडवा झालो. फ्रीजसमोर, शब्दशः. म्हणाली, अहो, वाटाण्याचं पाकीट भिंतीत गेलंय, निघत नाही. म्हटलं, वाटाणे साक्षीदार आहेत, राहू दे. तिने पातेल्यातलं पाणी चहाला वापरलं. तो चहा दोघंही प्यालो.

त्या धावपळीत अडीचचं रीडिंग दोन पस्तीसला घेतलं. शेरा लिहिला.

१४ मार्च, सकाळ
आज मनात विचार आला की आपण मोठेपणा घ्यावा. बाळ्याला माफी मागायची एक संधी द्यावी. आधी माफी, मग बर्फ दाखवायचा की नाही ते ठरवू. हलकं वाटलं.

दुपारी ४
रद्द. एकोणीस मिलिमीटर आहे. एवढी मेहनत वाया घालवणं बरोबर नाही.

१५ मार्च
बसण्याची व्यवस्था ठरली. बाळ्या खिडकीकडे पाठ करून, म्हणजे तोंड फ्रीजकडे. जेवण झाल्यावर मी सहज उठणार. पाणी घेतो म्हणणार. चुकून वरचं दार उघडणार. मग बाजूला होणार.

शब्द मोडत नाही. पाणी घेणं म्हणजे तोंड सोडणं नव्हे.

१६ मार्च
फक्त एक वाक्य हवं. शब्द दिला आहे, पण एक वाक्य म्हणजे बोलणं नव्हे, मथळा आहे. मसुदे:
बाळासाहेब, हे कालचं हवामान.
बाळासाहेब, हे कालचं, आजचं आणि उद्याचंही हवामान.
बाळासाहेब, ए-वन.
तिसरं चांगलं आहे. आरशासमोर म्हणून पाहिलं. बायको बाहेरून म्हणाली, कोणाशी बोलताय?

१८ मार्च
तेहतीस मिलिमीटर. फ्रीझरचं दार आता लागत नाही. माझा पट्टा काढून बांधलं. पँट एका हाताने धरून वावरतो. गैरसोय आहे, पण दोनच दिवस.

बायको बाहेर खुर्चीवर बसून होती. म्हणाली, बाळ्याला लहानपणापासून माझ्या हातचं आइस्क्रीम आवडतं. तिघांनी खायचं म्हणून सगळं सामान आणलंय. ठेवू कुठे? मी समजावलं, वीस तारखेनंतर अख्खा फ्रीझर तुझा. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पट्ट्याकडे. फोन घेऊन तळ्याकडे गेली. बराच वेळ बोलत होती.

बहुधा आइस्क्रीमचा बेत रद्द केल्याचं कळवत असेल.

२० मार्च, सकाळी ८.३०
एक्केचाळीस मिलिमीटर. विक्रम. बायकोला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. ती म्हणाली, आठवलं वाटतं.

रजिस्टरवरून आलेख काढला आहे. रेघ सुंदर चढते. छापून, मोठा करून आणावा. गावात दुकान आहे, जाऊन यायला तीन तास. मधली सहा रीडिंग्ज बुडतील. आयुष्यात पहिल्यांदा. बायकोला म्हटलं तू घेशील का. म्हणाली, तुम्ही निर्धास्त जा, फ्रीजचं मी बघते.

शेवटी तिलाही पटलं.

दुपारी १२
परतलो. आलेख झकास आला आहे. गाडीबाहेर दोरीवर सहा टॉवेल वाळत आहेत. भाऊ येणार म्हणून तिने घरदार धुऊन काढलेलं दिसतं. उत्साहात आहे. माझा पट्टा घडी करून पलंगावर ठेवला होता. घातला. फ्रीझर आता जेवणानंतरच उघडायचा. पडदा वर जाण्याआधी नटाने डोकावू नये.

संध्याकाळी ५
क्रमाने लिहितो.

बाळ्या साडेबाराला आला. बारीक झाला आहे. ताईला साडी आणली, मला हातातलं घड्याळ. मी घेतलं आणि टेबलावर ठेवलं. तो नेमक्या जागी बसला. जेवण शांतपणे झालं. बायको दोघांना आळीपाळीने वाढत होती आणि दर वेळी माझ्याकडे पाहत होती. एकदा तर तिघंही हसलो. कशावरून ते नोंदवलेलं नाही.

जेवण झालं. मी उठलो. पाणी घेतो म्हटलं. वरचं दार उघडलं आणि बाजूला झालो.

आत काही नव्हतं. भिंती पांढऱ्या, कोरड्या. मधोमध आइस्क्रीमचा डबा. शेजारी वाटाण्याचं पाकीट.

बाळ्या म्हणाला, वा भाऊजी, मानलं. ताई फोनवर म्हणालीच होती, आज सकाळपासून खपून तुम्ही फ्रीझर साफ करताय. मला तीन वर्षांत असा लख्ख ठेवता आला नाही.

टेबलाखालून पाय लांबवून बायकोने माझ्या पावलावर पाऊल ठेवलं. दाबलं. मला फक्त हो म्हणायचं होतं.

मी म्हटलं, मी नाही केला.

खोटं श्रेय घेणं माझ्या तत्त्वात बसत नाही. त्यानंतर मी जे बोललो ते ओघात आलं. एक्केचाळीस मिलिमीटर होता म्हटलं. पुरावा नष्ट केला गेला म्हटलं. रजिस्टर काढलं, आलेख भिंतीवर धरला. बाळ्याने चष्मा लावून पानं उलटली. मग हळूच विचारलं, भाऊजी, रोज तीस-तीस वेळा उघडत होतात? दोन-दोन मिनिटं?

तो हसला नाही. हसला असता तर मी जिंकलो असतो.

मग मी लग्नाचं काढलं. चाळीस माणसं, कालचं हवामान, सगळं. आवाज चढला असावा, कारण पलीकडच्या गाडीतल्या बाई दारात आल्या. बाळ्या ऐकत राहिला. त्याला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, तोंडावर दिसत होतं. म्हणाला, बोललो असेन भाऊजी, मला बोलायचं भान नसतं. सहा वर्षं तुम्ही हे मनात ठेवलंत? चुकलो.

एवढ्यावर मिटवायचं म्हणजे काय. मी म्हटलं, लेखी दे.

बायको उठली. ओरडली नाही. डबा काढला, दोन वाट्यांत आइस्क्रीम वाढलं, एक त्याला, एक मला. स्वतः घेतलं नाही. आतून बॅग घेऊन आली. म्हणाली, अहो, मी जाते बाळ्याकडे. कधी येईन ते मलाच माहीत नाही. बाळ्या म्हणाला, ताई, राहू दे ना आता. ती म्हणाली, तू गाडी काढ.

बाळ्या वाटी हातात धरूनच निघाला. दारातून म्हणाला, भाऊजी, मोटरहोम तुम्ही सावकाश आणा, घाई नाही.

माफी तोंडी का होईना, मागितली. एकूण पाहता माझी बाजू सिद्ध झाली.

२१ मार्च, सकाळी ६
उणे अठरा. बर्फ शून्य.

सकाळी ७
उघडलं नाही. गरज नाही.

सकाळी ८
चहा करायला घेतला. शेगडी पेटत नाही. अठरा दिवस तिने पेटवली, मी कधी पाहिलं नाही. बटण दाबलं, फिरवलं, काडी लावली. सात काड्या संपल्या.

८.४०
मेकॅनिककडे जाणार नाही. त्याचं संगनमत आहे.

९.१०
बाळ्याला फोन केला. दुसरा इलाज नव्हता. प्रश्न तांत्रिक होता, त्यामुळे बोलणं सुरू झालं असा अर्थ होत नाही. म्हणाला, सिंकखाली शेगडीची पिवळी चावी आहे भाऊजी, ती आडवी आहे ना, उभी करा. आता बटण दाबून दहा मोजा. मी मोजले. फोन न ठेवता तोही माझ्याबरोबर मोजत होता. पेटली. निळी का, म्हणाला. निळी, म्हटलं.

मागून तिचा आवाज आला. बाळ्याला सांगत होती, त्यांना विचार, साखर सापडली का.

सापडली म्हटलं.

९.३०
साखर कुठे आहे?