टिकलीचं सील

शनिवार, इंदिरानगर

ड्रिल मशीन वॉरंटीत दुरुस्त होऊन आलं! आणि वॉरंटी वाचवली कुणी, तर एका टिकलीने.

खंडेनवमीला सुनंदाने माझ्या हत्यारांची पूजा केली. कुंकू पुसलं जातं म्हणून नव्या ड्रिलला आपल्या पाकिटातली टिकलीच लावली, तीही नेमकी स्क्रूवर. परवा मशीन बंद पडलं आणि माझे हात शिवशिवायला लागले. आजवर कुठलं यंत्र मी न उघडता सोडलंय? पण पूजेची टिकली खरवडायची कशी? "अहो, हात लावून तर बघा!" बायकोचा दम. नाही लावला.

सर्व्हिस सेंटरमधला माणूस आधी स्क्रूच बघतो. घरी उघडलेला दिसला की वॉरंटी गेली. टिकली बघून तो हसतच सुटला. "काका, असलं सील कंपनीलाही सुचलं नसतं!"

आज मशीन घरी आणलं, तर टिकली परत स्क्रूवर! दुरुस्ती करून त्याने जपून चिकटवली होती. किती भला माणूस!

"वाकडी लावलीय," सुनंदा म्हणाली. तिने ती नखाने सरळ केली आणि माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला.

आत काय बदललंय, एवढंच तर बघणार होतो मी!