हनुवटीवरचे तीन ठिपके

माय,

मी सकाळच्या गाडीनं नागपूरले गेली. शकुंतलाकडे जातो म्हणून सांगतलं ते खोटं होतं. हनुवटीवरचं गोंदण काढून घेऊन राहिली. हापिसात सगळे तिथंच पाहतात. तुले वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी काढली, दुसऱ्या कोणाले वाचाले देऊ नको.

डॉक्टरनं मागच्या खेपेले दोन गोष्टी सांगतल्या. पूर्ण बेशुद्ध करायचं तर घरचं माणूस उशाशी पाहिजे. नाहीतर गुंगीचं इंजेक्शन द्यायचं अन् तेवढीच जागा बधिर करायची, त्याले एकटं आलं तरी चालते. "घरी कोण आहे?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, कोणीच नाही.

तू संग आली असती तर त्याले तुझी हनुवटी दिसली असती. तेच तीन ठिपके. म्हणून मी गुंगीचं इंजेक्शन घेतो म्हटलं. तवापासून तुझ्या हातची भाकर घशाखाली उतरत नाही.

सिस्टर म्हणे, गुंगीत माणूस अर्धा जागा राहते, बडबडते. जामसांवलीच्या जत्रेत गोंदताना तू मले चावाले तुझं बोट दिलं होतं. आजही मी तेच शोधीन, अन् हाक तुलेच मारीन.

डाळ शिजवून ठेवली, बाबाले वाढून देजो. ऑपरेशन संध्याकाळी आहे, दुपारची गाडी तुले भेटते. पत्ता मागं लिहिला.

येजो. डॉक्टर दिसला म्हणून पदर तोंडावर ओढू नको. ही माझी माय, असं मी शुद्धीत असतानाच त्याले सांगीन.

नलिनी